आगरातलं आगार

आबांनी आमची बस पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते आत चढलेच नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, चपला काढून ठेवल्या, भाताचं रिकामं पोतं अंथरलं आणि पाठीवर पडून थेट गाडीखाली सरकले. पाऊण तास आम्हांला फक्त त्यांचे पाय दिसत होते. मधूनमधून पान्याचा आवाज यायचा. लोखंड खणखणीत वाजलं की ते गप्प, आवाज बद्द आला की "हां" म्हणायचे. बाहेर आले तेव्हा मिशांत गंजाचे पापुद्रे अडकले होते. माझा धाकटा भाऊ त्यांना हौसेनं सगळं दाखवू लागला, पुस्तकांची कपाटं इथे, प्रयोगाचं टेबल तिथे, मागच्या काचेपाशी लहान मुलांची बैठक. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ते सगळं होईल. पण गाडी ठेवणार कुठं?"

आबा चौतीस वर्षं एसटीत मेकॅनिक होते. मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यांची दोन नातवंडं माझ्या हाताखालून गेली, म्हणून मी त्यांची 'बाई'. त्या दिवशी त्यांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते आठवलं की आजही वाईट वाटतं. "आंब्याखाली ठेवू," असं मी सहज म्हणून गेले. त्या उत्तरापासून साठ फूट लांबीच्या, पोटात खड्डा असलेल्या, चक्रीवादळाला तोंड देईल अशा कार्यशाळेपर्यंत यायला आम्हांला दोन वर्षं लागली. बसचं वाचनालय करायला मात्र पाच महिने पुरले होते. हा लेख त्या दोन वर्षांचा आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. खाली उतरलं की नारळी-पोफळीची आगरं आणि पलीकडे समुद्र. वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, आणि वाडीवरच्या शाळेत पट दहा-बाराच्या घरात. अशा शाळेत प्रयोगशाळा नसते. पुस्तकं असतात ती कपाटात, आणि कपाटाला कुलूप, कारण हरवली तर हिशेब कोण देणार? निवृत्त झाल्यावर मनात आलं, मुलांना आणता येत नसेल तर पुस्तकांनी जावं. कल्पना नवी नव्हतीच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. पेटी एका गावात वाचून झाली की पुढच्या गावाला. शंभर वर्षांनंतर आमची पेटी चाकांवर असावी एवढाच फरक.

गाडी किती मोठी घ्यायची यावर बराच खल झाला. शेवटी भावाने एक साधी फूटपट्टी लावली: जिथवर एसटी जाते तिथवर आपली गाडी गेली पाहिजे, त्यापुढे मुलं चालत येतील. म्हणजे गाडी एसटीएवढी चालेल. एका शिक्षणसंस्थेने विकायला काढलेली २०१२ सालची बस मिळाली. टाटाची १५१२, म्हणजे पंधरा टनांच्या वर्गातली, साधारण एकशेवीस अश्वशक्तीची, लांबीला छत्तीस फूट. मोडीत निघालेली एसटी का घेतली नाही, असं अजूनही लोक विचारतात. मोडीत काढलेल्या गाडीची नोंदणी रद्द होते, ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. आम्हांला कागदपत्रं जिवंत असलेली गाडी हवी होती. आसनं काढून आत बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, बदललेली गाडी त्यांना दाखवावी लागते. वाहनांच्या सरकारी यादीत फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा प्रकार आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. कुणीतरी, कधीतरी, दिल्लीतल्या एखाद्या टेबलाशी बसून ही शक्यता लिहून ठेवली होती.

बसचं रूपांतर आपल्याकडे होतच आलंय. पुण्यात जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहं झाली. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नाहीत म्हटल्यावर एसटीने जुन्या गाड्यांची आसनं उतरवून मालगाड्या केल्या. अशा गाड्यांचे फोटो आपण पाहतो ते नव्या रंगातले, उद्घाटनाचे. पाच वर्षांनी ती गाडी कुठे उभी आहे, तिच्या छतावर काय आहे, हे कुणी दाखवत नाही. मला आता बाकी सगळ्याच्या आधी तेच विचारावंसं वाटतं.

आमची गाडी आंब्याखाली उभी राहिली ती २०२१ च्या जानेवारीत. मे महिन्याच्या मध्याला तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि आम्ही बांधलेली ताडपत्री एका रात्रीत चिंध्या होऊन कुंपणाला लोंबकळली. मग पाऊस लागला. दापोलीला वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तो जुलै तर चिपळूणला पूर आला तोच. आंब्याची पानं बसच्या छतावर पडायची, कुजायची, पत्र्याच्या सांध्यांत त्यांचा गाळ बसायचा. त्या गाळाने पाणी धरून ठेवलं आणि सांधे सोडले. खिडक्यांची रबरं उन्हाने आधीच आखडलेली, तिथून वेगळं पाणी. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी दार उघडून आत पाय टाकला आणि मागच्या चाकावरचं प्लाय टाचेखाली मऊ लागलं, भाकरीचं पीठ मळताना लागतं तसं. खालच्या खणातल्या पुस्तकांना हिरवट बुरशी होती. पुठ्ठ्याला पुठ्ठा चिकटला होता. बॅटरीच्या पेटीत उंदरांनी वायरींच्या आवरणाचं घर केलं होतं.

चाळीस पुस्तकं गेली. त्यांतली अकरा मुलांनी खाऊच्या पैशांतून दिलेली होती. ती मी मोजली होती, म्हणून आकडा लक्षात आहे.

आबा आले, पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुतळीचं बंडल आणि चार खुंट्या घेऊन आले.

"गाडी मोजू नका," ते म्हणाले. "गाडीच्या टपावर उभा राहिलेला माणूस मोजा आणि गाडीखाली उभा राहिलेला माणूस मोजा."

मला वाटतं सगळी कार्यशाळा या एका वाक्यात आहे. बसची उंची साडेदहा फूट. टपावर माणूस ताठ उभा राहून सांधे साफ करणार, सौरपट्ट्या पुसणार, तर वर आणखी साडेसहा. म्हणजे कडेची उंची सतरा फूट. गाडीखाली माणूस वाकून नाही, उभा राहून काम करणार, तर जमिनीत पाच फूट. रुंदी साडेआठ फूट, पण चाक काढायचं, ड्रम उतरवायचा, तो ढकलत नेऊन टेबलापाशी आणायचा तर दोन्ही अंगांना दहा-दहा फूट मोकळी जागा हवी. इंजिन पुढे आहे, ते कधी उतरवावं लागलं तर चेनकप्पीला टांगून पुढे ओढायला बारा फूट. मागे पुस्तकांच्या पेट्या चढवायला-उतरवायला जागा. असं करत करत सुतळी साठ बाय तीसवर जाऊन थांबली. खुंट्यांच्या मधोमध उभी राहून मी पाहत होते. आमचं राहतं घर त्यात ओटी-पडवीसकट मावलं असतं.

भाऊ म्हणाला, "ताई, एवढ्या पैशांत दुसरी बस येईल."

"आणि ती ठेवशील कुठं?" मी विचारलं. तोवर मला प्रश्न पाठ झाला होता.

शेड बांधायची म्हटली की गावाकडे पहिला प्रश्न असतो पत्रा कुठला. आमच्याकडे तो प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरंच्या घरं उघडी पडली. आमच्या खालच्या वाडीत एका गोठ्याचा पत्रा वाशांसकट उचलला गेला आणि दोन आगरं ओलांडून पडला, त्या वाटेतल्या पोफळी मधोमध कापल्यासारख्या मोडल्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या गावात पत्रा हा शब्द काळजीनेच उच्चारतात.

लोकांना वाटतं वारा शेडला ढकलतो. तो ढकलतो त्याहून जास्त उचलतो. उतरत्या छपरावरून वारा वेगाने गेला की वर दाब कमी होतो, आणि दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालून रेटतो. दोन्हींचं बळ एकाच दिशेला, आभाळाकडे. एका बाजूने उघडी शेड म्हणजे उलटी धरलेली छत्रीच. म्हणून पत्र्याच्या वजनावर विसंबून चालत नाही, पत्रा पर्लिनला, म्हणजे खालच्या आडव्या दांड्यांना, पर्लिन कैचीला, कैची खांबाला आणि खांब जमिनीला असा एकेक दुवा धरून ठेवावा लागतो. आमच्या फॅब्रिकेटरने दर खांबाखाली चार फूट चौरस, पाच फूट खोल पाया घेतला. कातळात एवढं खोल कशाला, असं गवंडी म्हणत होते. तो म्हणाला, "हा पाया वजन पेलायला नाहीये, धरून ठेवायला आहे." स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात नाही, कारण पाणी खळग्यातून वाहतं. आणि कडेला व कोपऱ्यांत स्क्रू दाट, कारण वारा आधी तिथेच बोट घालतो. मधल्या भागात मी दोन स्क्रूंमध्ये वीत ठेवून पाहिली आणि कोपऱ्यात चार बोटं. ही गोष्ट मी नंतर विज्ञानाच्या तासाला कितीदा सांगितली असेल.

दार ईशान्येला ठेवलं. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून आडवा येतो. त्या बाजूची भिंत चिऱ्याची, आठ फुटांपर्यंत, वर पत्रा. छपराच्या कडा चार फूट बाहेर काढल्या, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. आमच्या आजीच्या घराची शाकारणी करणारे लोक हेच करत. आढ्याला वारा जाण्यासाठी उंच फट आणि तिच्यावर टोपी, कारण इथल्या दमट हवेत बंद शेडमध्ये पत्र्याच्या आतल्या अंगाने पाणी सुटतं आणि ते नेमकं गाडीवर ठिबकतं. पावसापासून वाचवायला छप्पर घातलं आणि छपरानेच पाऊस पाडला, असं होऊ शकतं. ते मी एका वर्कशॉपमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

फरशीवर फार शब्द खर्च करत नाही. काळ्या दगडाचं सोलिंग, त्यावर सहा इंच सळईचं काँक्रीट. पण जॅक लागतो त्या चार जागी ते दुप्पट जाड केलं, कारण उचललेल्या बसचं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. अर्थिंगला मात्र फार त्रास झाला. कातळ वीज सहजी वाहून नेत नाही, आणि आमच्याकडे परतीच्या पावसात, ऑक्टोबरात, विजा पडतात. तीन ठिकाणी खोल खड्डे घेऊन कोळसा-मीठ भरून तारा जोडल्या तेव्हा कुठे वायरमनचं समाधान झालं.

आता पिटबद्दल. एसटीच्या आगारात ज्या खड्ड्यावर गाडी उभी करतात त्याला तिथली माणसं पिटच म्हणतात, आणि आबांच्या तोंडात त्या शब्दाला गाभाऱ्याचा मान आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, ही तारीख एसटीचा प्रत्येक माणूस सांगतो. आबा पुढचं सांगतात: गाडी धावली, पण टिकली ती पिटवर. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत एसटीच्या गाड्यांची अंगं बांधली जातात, पण रोज रात्री कुठल्यातरी तालुक्याच्या आगारात, पिवळ्या दिव्याखाली, कुणीतरी खड्ड्यात उतरून पाटे तपासतो, क्रॉसला ग्रीस मारतो, ब्रेकच्या लायनरला बोट लावून पाहतो. प्रवाशाला तो माणूस कधी दिसत नाही. मी अठ्ठावीस वर्षं सकाळच्या सहाच्या गाडीने शाळेत गेले, मला तो एकदाही दिसला नव्हता.

आमची पिट तीस फूट लांब, पाच फूट खोल आणि तीन फूट रुंद. रुंदीचा हिशेब मागच्या चाकांवरून येतो. मागे दोन्ही अंगांना जोडचाकं असतात आणि आतल्या चाकांमधलं अंतर चार फुटांच्या आसपास उरतं. तीनपेक्षा जास्त रुंदी घेतली तर चाक काठावर येतं, कमी घेतली तर माणसाला वळता येत नाही. काठाला लोखंडी अँगल, दोन इंच वर काढलेला, म्हणजे चाक चुकलंच तर आधी त्याला अडतं. दोन्ही भिंतींत चिरे सोडून देवळ्या केल्या आणि त्यांत चोवीस व्होल्टचे दिवे बसवले, ओल्या हाताला धक्का बसू नये म्हणून. संध्याकाळी दिवे लावले की ती जागा खरोखरच देवळासारखी दिसते.

पण पहिल्या पावसात पिटची विहीर झाली.

शेड उभी राहिली मे २०२२ मध्ये. गाडी आत घेतली, नारळ फोडला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आबा पहाटे आले तर पिटमध्ये साडेतीन फूट पाणी, वर एक प्लास्टिकची बादली तरंगत होती. छप्पर कोरडं, भिंती कोरड्या, दारातून थेंब आत आला नव्हता. पाणी खालून आलं होतं. जांभा दगड म्हणजे घट्ट झालेला स्पंजच. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भोकांतून खाली जातो आणि खालच्या मऊ चिकणमातीवर, आम्ही जिला शेडी म्हणतो तिच्यावर, थांबतो. तिथून पुढे त्याला सरळ खाली जाता येत नाही, मग ते उताराने आडवं वाहतं. पाच फूट खोदताना आम्ही साडेचार फुटांवर शेडी गाठली होती. पाण्याच्या वाटेवर आम्हीच घर बांधलं होतं. आमच्या गावात विहिरी खोदणारा कुणीही माणूस हे सांगू शकला असता. आम्ही कैचीसाठी माणूस शोधत फिरलो, खड्ड्यासाठी कुणाला विचारलंच नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला: पंप लावून पाणी काढलं आणि भिंतींना पाणीबंद गिलावा. तीन आठवड्यांनी गिलावा फुगून ढपलेच्या ढपले पडले. दीड मीटर पाणी भिंतीमागे साचलं की तळाशी दर चौरस मीटरला दीड टन रेटा येतो, अर्ध्या इंचाचा गिलावा त्यापुढे किती टिकणार? आबा म्हणाले, "पाण्याला अडवू नका. वाट काढून द्या." दिवाळीनंतर शेडच्या वरच्या अंगाला चाळीस फूट लांब, सात फूट खोल चर खणला, म्हणजे पिटच्या तळापेक्षा दोन फूट खाली. तळाला भोकं पाडलेला पाइप, त्यावर खडी, त्यावर पुन्हा माती. वरून येणारं पाणी आता पिटपर्यंत पोचतच नाही, चरात उतरतं आणि शेडला वळसा घालून उताराला लागतं. पिटच्या तळातूनही एक पाइप उताराला काढला, गाडी धुतलेलं पाणी जावं म्हणून.

त्या दुसऱ्या पाइपाने आम्हांला शेजाऱ्यांसमोर मान खाली घालायला लावली.

शेडच्या खाली शेजारच्या काकांची भातखाचरं आहेत. पुढच्या पावसात, लावणी होऊन पंधरा दिवस झाले असतील, काका सकाळी आले. आवाज चढवला नाही. "बाई, जरा चला," एवढंच म्हणाले. बांधावर नेऊन वरच्या खाचराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. रोपांच्या मधल्या पाण्यावर निळा-जांभळा तवंग होता, मोराच्या पिसासारखा. काका म्हणाले, "माझी पोरं तुमच्याच हाताखाली शिकली. तुमची गाडी गावच्या पोरांसाठी आहे, मला माहीत आहे. पण भाताला तेल चालत नाही." मी काहीच बोलू शकले नाही. भूजल, प्रदूषण, पाण्याचं चक्र हे सगळं मी फळ्यावर शिकवलं होतं, आणि माझ्या शेडचा पाइप माझ्या शेजाऱ्याच्या खाचरात तेल सोडत होता.

पाइप त्याच दिवशी बुजवला. मग त्या जागी तीन कप्प्यांची टाकी बांधली. तिचं काम फार साधं आहे. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात नेताना वरून न सांडता तळाजवळून घ्यायचं. तोंड खाली वळवलेला पाइप भिंतीत बसवला की खालचं पाणी पुढे जातं आणि वरचं तेल मागे राहतं. पहिल्या कप्प्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेलाचा थर धरतो, तिसऱ्यात पाणी नितळ होतं. जमलेलं तेल काढून पिंपात, आणि पिंप अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे, कारण वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. गावातले लोक कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल मागायला येतात. आम्ही देत नाही. खांबाचं तेल पावसाने कुठे जाणार, हे आम्ही पाहिलंय.

काका अजून आठवड्यातून एकदा येतात. तिसऱ्या कप्प्याचं झाकण उचलतात, ओंजळीत पाणी घेतात, वास घेतात आणि निघून जातात. मी त्यांना कधी बोलावत नाही आणि कधी अडवत नाही. या शेडची इतकी कसून तपासणी दुसरं कुणी करत नाही.

आमच्याकडे नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात आणि एसटीच्या डेपोला आगार. एका कान्याचा फरक. आबांना मी एकदा हे म्हणाले तर ते हसले नाहीत, गंभीरपणे म्हणाले, "दोन्हीकडं रोज जावं लागतं." पोफळीला एक दिवस पाणी चुकलं तर झाड बोलत नाही, पण पुढच्या वर्षी फळ बोलतं. गाडीचंही तसंच.

गाडी चालून झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. ती उभी राहून खराब होते हे सहसा लक्षात येत नाही. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आमची शेड त्याच काळात उभी राहत होती. आबांची सहानुभूती संपातल्या माणसांकडे होती, त्यांनी त्यांच्याबरोबर आयुष्य काढलं होतं. पण तालुक्याला गेले की ते आगाराच्या कुंपणाशी थांबायचे आणि रांगेत उभ्या गाड्यांकडे पाहायचे. चाकांच्या कडेनं गवत उगवलं होतं. "बॅटऱ्या बसल्या असतील," ते सांगायचे. "टायरवर एकाच जागी वजन पडतंय. सीलं सुकली असतील." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

आमची गाडी जून ते सप्टेंबर उभी असते, कारण घाटातल्या अरुंद रस्त्यांवर पावसात तिला न्यावं असं आम्हांला वाटत नाही. त्या चार महिन्यांत तिची सगळ्यांत जास्त सेवा होते. मागचा-पुढचा आस घोड्यांवर घेऊन चाकांवरचं वजन काढतो. दर आठवड्याला चाकं हाताने फिरवतो. पाटे घासून ग्रीस. हब उघडून बेअरिंग धुऊन पुन्हा बसवणं हे आबा स्वतः करतात, तिथे भावालाही हात लावू देत नाहीत. बेअरिंग डिझेलमध्ये धुतात, हवेने सुकवतात, मग प्रत्येक रोळ्यावर अंगठ्याने ग्रीस दाबतात, एकेक, जपमाळ ओढावी तसं. पिटमध्ये थिनर न्यायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहते. खाली उतरण्याआधी पाच मिनिटं ब्लोअर. हे नियम भिंतीवर माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत, शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसे.

पुस्तकांचाही नियम आबांनीच घातला. एका अंगाला सगळी कपाटं लावायची नाहीत, पुस्तकं वजनदार असतात, त्या बाजूचे पाटे बसतात. म्हणून शब्दकोश आणि विश्वकोशाचे खंड डावीकडे, त्यांच्या समोर उजवीकडे प्रयोगांच्या पेट्या आणि पाण्याची टाकी, आणि गोष्टींची पुस्तकं दोन्हीकडे. गाडी आठ वर्षांच्या वर गेल्यामुळे दर वर्षी पासिंगला न्यावी लागते. गेल्या खेपेला तपासणाऱ्यांनी खाली वाकून बॅटरी मारली, दोन मिनिटं पाहत राहिले आणि विचारलं, गाडी कुठल्या आगारात असते?

पावसाळ्यात गाडी मुलांकडे जाऊ शकत नाही, म्हणून गेल्या वर्षीपासून शनिवारी मुलं शेडमध्ये येतात. पिटवर फळ्या टाकतो, गाडीच्या बाजूला सतरंजी, आणि तिच्या चारही अंगांनी पुस्तकं. छपरावर पाऊस एवढा वाजतो की मोठ्याने वाचावं लागतं. दोन तास वाचन झालं की आबा दोन फळ्या उचलतात. मग एका वेळी दोघंच मुलं त्यांच्याबरोबर खाली उतरतात. इंजिन बंद, चाकांना चारी बाजूंनी ठोकळे.

श्रावणातल्या एका शनिवारी पाचवीतली एक मुलगी खाली गेली. तिने आधीच्या मुलांकडून ऐकलं होतं की बसचा ब्रेक हवेवर चालतो. तिने वर न पाहता विचारलं, "आणि हवा संपली तर? मग गाडी थांबणारच नाही ना?"

आबा एकदम उत्तर देत नाहीत. त्यांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि मागच्या आसाजवळच्या गोल डब्यावर उजेड धरायला सांगितला. म्हणाले, यात एक मोठी स्प्रिंग आहे, तुझ्या मांडीएवढी जाड. ती सदानकदा ब्रेक दाबून धरायला बघते. हवा तिला मागं रेटून ठेवते, म्हणून गाडी चालते. हवा गेली की स्प्रिंग सुटते. "म्हणजे हवा संपली तर काय होईल?"

मुलगी गप्प. पावसाचा आवाज. डब्यातून बाहेर आलेल्या बोटभर जाडीच्या दांड्यावर तिने उजेड स्थिर धरला होता. दांडा ग्रीसने चकाकत होता.

आबांनी वर हाक मारली. भावाने चालकाच्या जागेवरून हँडब्रेकची मूठ ओढली. फुस्स करून हवा सुटली, शेडभर घुमली, आणि दांडा खाट्कन इंच-दीड इंच पुढे सरकला.

मुलगी दचकून मागे झाली. तिची पाठ चिऱ्याच्या भिंतीला लागली, बॅटरीचा उजेड छपरापर्यंत जाऊन परत आला. मग तिने बॅटरी दोन्ही हातांत धरली, दांड्याच्या आणखी जवळ गेली आणि म्हणाली, "पुन्हा करा."